पैसेवारी आणि जाणत्यांची साक्ष

महाराष्ट्रांत दुष्काळाचें मान ठरविण्याची रूढ रीति म्हणजे पैसेवारी. ब्रिटिश अमदानींतील आणेवारीचेंच हें दशमान रूप होय. गांवची समिती पीककापणीवरून त्या वर्षाचें उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशीं ताडून पाहते. अंक ५० पैशांखालीं उतरला म्हणजे गांव टंचाईग्रस्त समजण्यास आधार मिळतो. या रीतीची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. परंतु तिच्यावरून गांवाची सहनशक्ति ताडणें सर्वथा गैर होय. पीक किती बुडालें एवढेंच ती सांगते. लोक तगले कसे, हें तिच्या कक्षेबाहेरचें आहे.

बोदलकसा परिसराचें उदाहरण घेऊं. तिरोडा तालुक्यांतील येथील मोठा तलाव १९१७ चा. त्याच्या पूर्वीपासून या मुलखांत कोहळी लोकांनीं व मालगुजारांनीं बांधलेले तलाव आणि बोड्या आहेत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली आणि तलावांची मालकी सरकारकडे आली. आतां दोन गांवें कल्पावीं. दोहोंची पैसेवारी एकच; परंतु एकाची पाळ शाबूत असून पाणी आधीं कोणत्या बांधींत सोडावयाचें हें तेथें ठरलेलें आहे, तर दुसऱ्याचा तलाव गाळानें भरला आहे. तक्त्यांत हीं दोन्हीं गांवें सारखींच दिसतील!

हा भेद जाणत्यांस विचारूनच कळेल. मात्र जाणता कोणास म्हणावें? न्यायदर्शनांत आप्ताचा शब्द प्रमाण मानिला आहे, आणि आप्ताचें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ यांस समानच लागू आहे, असें भाष्यकार वात्स्यायन म्हणतो. तेव्हां पाणी वाटणाऱ्या पाणकराची साक्ष अभियंत्याच्या साक्षीइतकीच ग्राह्य धरिली पाहिजे. साक्षी एकेकट्यानें घ्याव्या. चावडींत सर्वांस एकत्र बसविल्यास वजनदार माणसाचेंच मत सर्वांच्या मुखीं येतें. ‘बरें’ व ‘वाईट’ या शब्दांचें माप प्रत्येकाचें निराळें असतें. म्हणून प्रत्येकास आरंभीं त्याच दोन कल्पित गांवांची प्रतवारी करावयास लावावी, म्हणजे त्याचें माप कळून पुढील उत्तरें एका पातळीवर आणितां येतील. वहिवाटीविषयींचीं उत्तरें जुन्या वाजिब-उल-अर्जांशीं ताडून पाहावीं, आणि सरासरीबरोबर मतभेदाचा विस्तारही नमूद करावा. जेथें मतें फार फांकतात, तेथेंच बहुधा पुनः जाऊन पाहण्याजोगें कांहीं असतें.

असें न केल्यास सवलत दोन्हीं गांवांस सारखी मिळेल, आणि ज्या गांवास गाळ उपसण्याची खरी निकड आहे, तें पुढील अवर्षणांतही तसेंच उघडें पडेल.