शेवट ठाऊक असलेले रहस्य : दीर्घ ऐतिहासिक कादंबरीविषयी एक टिपण

अमरावतीजवळील भातकुली म्हणजेच रुक्मीने वसविलेले भोजकट, अशी परंपरा आहे. कृष्णास जिंकल्यावाचून कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, ही रुक्मीची प्रतिज्ञा होती. ती फसली आणि तो कायमचा राजधानीबाहेर राहिला. ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येकास तिचा शेवट आधीच ठाऊक असतो, तरी ती ऐकावयाचे कोणी सोडीत नाही. ऐतिहासिक रहस्यकादंबरीची अडचण नेमकी हीच आहे आणि तिचे सामर्थ्यही हेच.

'रहस्य' हा शब्द उच्चारताच आपल्या विभागातील पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. रहस्य म्हणजे 'अपराधी कोण?' एवढाच प्रश्न, असे गृहीत धरल्यामुळे असे होते. इतिहासात घडून गेलेल्या गोष्टीविषयी 'काय घडले?' हा प्रश्न उरतच नाही. उरतो तो 'कोणास काय ठाऊक होते आणि ते केव्हा कळले?' हा. उत्कंठा घटनेतून निघून पात्रांच्या ज्ञानाच्या मर्यादेत जाऊन बसते. ही मर्यादा वाचकाच्या अंगवळणी पडण्यास पानांचा विस्तार लागतो. म्हणून या प्रकारात दीर्घता हा दोष नव्हे. सारांश वाचून परीक्षेपुरते काम भागविणाऱ्याच्या हाती या कादंबऱ्यांतील काहीच लागत नाही.

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड' (1871) हिचा मान मोठा. वाचनाचा आनंद मात्र बेताचाच. खरी सुरुवात हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाल'पासून करावी. ती 1895 पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढील अंकाची वाट पाहावयास लावण्याची कला तिच्या बांधणीतच आहे. किल्लेदार पिता विजापूरकरांशी एकनिष्ठ आणि पुत्राचे मन शिवाजीकडे ओढलेले, या पेचामुळे गुप्त खलबतांस केवळ करामतीपलीकडचे वजन प्राप्त होते. स्वराज्य स्थापन होणार हे आपणांस ठाऊक आहे. एका घराची त्यात काय वाट लागणार, हे ठाऊक नसते.

तथापि माझ्या मते या प्रकारातील मराठीची सर्वांत धीट कृती 'वज्राघात' होय. 1565 साली विजयनगरचा पाडाव झाला आणि रामराजा मारला गेला, हे शाळकरी मुलासही माहीत असते. हरिभाऊंनी हा शेवट लपविण्याचा प्रयत्नच केला नाही. रामराजा आणि त्याने टाकलेली मेहेरजान यांचा पुत्र रणमस्तखान विजापूरच्या पक्षात वाढतो, आणि आपण कोणाविरुद्ध उभे आहो हे त्यास ठाऊक नसते. ते वाचकास ठाऊक असते. त्यामुळे दरबारातील साधे सौजन्याचे बोलणेही दुहेरी अर्थाने ऐकू येऊ लागते. येथे इतिहासास मोठी मुरड घातली आहे, हा आक्षेप खरा आहे. पण एका साम्राज्याच्या नाशास एका वैयक्तिक अन्यायाचे मूळ देण्याचे हे साहस मला आजही मोलाचे वाटते. (त्या युद्धातील दख्खनी सुलतानांच्या संघात आपल्या वऱ्हाडची इमादशाही नव्हती, हे जाता जाता नमूद करावे.)

ना. सं. इनामदारांची 'झेप' (1963) निराळ्या कारणासाठी वाचावी. तिचा नायक त्रिंबकजी डेंगळे. 1815 मध्ये पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, हे निश्चित. त्याची अंतिम जबाबदारी कोणाची, यावर मतभेद आहेत. इतिहासानेच जेथे जागा मोकळी सोडली, तेथे कादंबरीकारास घुसखोरी करावी लागत नाही.

आता भाषेचा प्रश्न. 'वातावरण' म्हणून आपण ज्याची वाखाणणी करतो, ते मशाली, भुयारे आणि पावसाळी रात्री यांतून फारसे येत नाही. ते शब्दांतून येते. आपट्यांची पात्रे बहुतांशी लेखकाच्या काळचे सुशिक्षित मराठी बोलतात आणि पुढील पुष्कळ लेखकांनी एकसुरी भारदस्तपणालाच ऐतिहासिक भाषा मानले. सरदार, हेर, भिक्षुक आणि खिजमतगार एकाच वळणाने बोलू लागले की कोण काय लपवितो हे कानास कळत नाही. या दृष्टीने उंबेर्तो एको या इटालियन चिन्हमीमांसकाची 'गुलाबाचे नाव' (1980) अवश्य वाचावी. 1327 सालचा एक मठ, चक्रव्यूहासारखे ग्रंथालय आणि सात दिवसांची कथा. तीत लॅटिन उतारे कित्येक ठिकाणी भाषांतरावाचून येतात; साल्वातोरे नावाचे पात्र अनेक भाषांची खिचडी बोलते. कोणती भाषा कोणास कळते, हाच तेथे रहस्याचा कणा आहे. प्रारंभीची पाने जड जातात. ती गाळू नयेत.

असा ऐवज आपल्या जिल्ह्यातही पडून आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपुरास म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणावरून ती पुन्हा उभी केली, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. हिराइसेचा पाठ त्यांपैकीच एक. पुढे हे वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीची उकल करीपर्यंत बाहेरच्यांस ते अगम्य राहिले. हरवलेला ग्रंथ, परस्परांशी न जुळणारे पाठ, गुप्त लिपी : एकोने कल्पनेने उभे केले, त्याहून हे थोडेही उणे नाही. त्यावर कोणी दीर्घ कादंबरी लिहिल्यास तिचे संवाद मात्र पुणेरी नसावेत. 'मले', 'तुले' ही रूपे आपल्या कथांतून आजवर बहुधा विनोदापुरतीच आली आहेत. स्मरणावरून पोथी सांगणाऱ्या साध्वीच्या तोंडी ती कशी वाटतील, हे ज्यांना अजमावयाचे असेल त्यांनी 'लीळाचरित्रा'तील छोटी, तुटक वाक्ये आधी मोठ्याने वाचून पाहावीत.