खांब येण्याआधीचं धैर्य

भोर-वेल्ह्याच्या मंडळींपुढे रोमच्या चर्चमधली चित्रं कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल. थोडा धीर धरा, आपल्या गावच्या दगडांपाशीच यायचं आहे.

डोमेनिकीनो हा बरोक काळातला इटालियन चित्रकार. १६३० च्या सुमारास त्याने रोमच्या सान कार्लो आय कातिनारी या चर्चमध्ये घुमटाखालच्या चार वक्र त्रिकोणांवर चार सद्गुण रंगवले: विवेक, न्याय, धैर्य, संयम. प्लेटोपासून चालत आलेले हे चौघे. रंगवायचं ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर. तो सुकायच्या आत त्या दिवसाचा तुकडा संपला पाहिजे, नाहीतर खरवडून पुन्हा लिंपा! म्हणून सगळी धडपड आधी कागदावर. त्याचे असे सतराशेहून जास्त कागद आज विंडसरच्या राजसंग्रहात आहेत; तिसऱ्या जॉर्जने १७६२ साली आल्बानी घराण्याचा संग्रह घेतला, त्यातून ते तिथे गेले.

करडा-निळसर कागद, काळा खडू, उजेडाच्या जागी पांढरा. आकृती मोठी करून भिंतीवर न्यायची तर वर चौकोन आखायचे. आपले बोर्ड रंगवणारे पेंटरही तेच करतात. आमच्या मते हे कागद भिंतीवरच्या चित्रांपेक्षा सरस आहेत. भिंतीवरच्या सद्गुणाला ओळखपत्र लागतं. चेझारे रीपाने १५९३ साली अशा खुणांचा कोशच छापला: धैर्य म्हणजे शस्त्रधारी स्त्री, सोबत खांब. खांब दिसला की धैर्य ओळखलं आणि बघणं संपलं. अभ्यासचित्रात खांब अजून यायचा असतो. तिथे फक्त एक शरीर असतं, आणि भार कुठल्या पायावर घ्यायचा हा त्याचा प्रश्न. गंमत म्हणजे त्या काळच्या कार्यशाळांत स्त्रीच्या आकृतीसाठीही पुष्कळदा पोरसवदा शिकाऊच उभा केला जाई.

मग सद्गुण बाईच का? लॅटिनमध्ये ही चारही नामं स्त्रीलिंगी आहेत, हे एक मोठं कारण. मराठीत बघा: विवेक, न्याय, संयम पुल्लिंगी, धैर्य नपुंसक. चौघांत एकही बाई नाही! ‘प्रबोधचंद्रोदय’ या अकराव्या शतकातल्या संस्कृत नाटकातही विवेक राजा आहे. शांती, श्रद्धा, करुणा या स्त्रिया.

आता आपल्या देवळांबाहेरचे वीरगळ आठवा. खाली लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. इथे धैर्याला वेगळी मूर्ती नाही. ते त्या माणसाच्या कृतीत आहे. तत्त्वज्ञानाच्या बाजूने बोलायचं तर हीच मांडणी आम्हाला जास्त पटते, कारण गुण माणसापासून सुटा काढून घुमटाखाली टांगता येत नाही.

पण आपली पाठ थोपटायची घाई नको. वीरगळाला मरण लागतं. आणि शेजारच्या सतीच्या दगडावर तर बाईचा फक्त बांगड्या भरलेला हात उरतो, तोही तिच्या मरणानंतरच. रोमने बाईला गुणाचं सोंग दिलं, आपण तिला मेल्यावर दगड दिला. मे महिन्यात वेल्ह्याच्या वरच्या वाडीवर हंडे घेऊन चढणारी बाई दोन्हीकडे बसत नाही. तिचा वाकलेला गुडघा, ताठ मान, पुढच्या पावलाआधी क्षणभर थांबलेला पाय, हे सगळं काळ्या खडूच्या त्या कागदावर मात्र मावलं असतं.