विश्कोव्स्कींचे कागदी किल्ले

चेक वास्तुविशारद रिखार्ड विश्कोव्स्की (१९२९–२०१९) यांचे व्यवसायातले आयुष्य जुन्या वास्तूंच्या सहवासात गेले. पण त्यांच्या देशातल्या बहुतेक लोकांना ते ठाऊक आहेत ते कागदी किल्ल्यांमुळे. मासिकातून येणारे छापील ताव कापायचे, दुमडायचे, डिंकाने जोडायचे आणि टेबलावर एखादा गढीवाडा किंवा कॅथेड्रल उभे करायचे, हा छंद चेक घरांत रुजला त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पेपर मॉडेलिंगची कला आज कुठे पोहोचली आहे, हे पाहायचे तर त्यांच्या कामापासून सुरुवात करणे सोयीचे पडते.

छापील कागदी मॉडेलांची परंपरा अर्थातच त्यांच्या आधीची. फ्रान्समधल्या एपिनालच्या छापखान्यांनी आणि १८३१ साली एस्लिंगेन इथे सुरू झालेल्या श्रायबर यांच्या जर्मन प्रकाशनाने असे ताव घरोघरी नेले. दुसऱ्या महायुद्धात साधनांचा दुष्काळ असताना इंग्लंडमध्ये जेफ्री हाइवे यांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर ‘मायक्रोमॉडेल्स’ काढली. मात्र पूर्व युरोपात या छंदाला जे बळ मिळाले ते मासिकांमुळे. १९५७ या एकाच वर्षी प्रागमध्ये ‘एबीसी’ आणि पोलंडमध्ये ‘माऊई मोडेलाश’ सुरू झाले. पाश्चात्त्य प्लॅस्टिक किट सहज मिळत नव्हती. कागद, कात्री आणि डिंक मात्र प्रत्येक घरात होते. ‘एबीसी’ हे मुलांसाठीचे विज्ञान-तंत्रज्ञानाचे मासिक. त्याच्या रंगीत पानांवर विमाने, गाड्या आणि इमारती छापून येत.

विश्कोव्स्कींची पहिली मोठी लोकप्रियता किल्ल्यांची नव्हे, तर १९७० च्या सुमारास ‘एबीसी’त आलेल्या ‘वेस्टर्न’ गावाची. लाकडी दुकाने, सलून, बँक अशी अमेरिकन सीमेवरची एक अख्खी वस्ती मुलांनी अंकामागून अंक घेऊन वसवली. चेक लोकांना या जगाचे वेड जुनेच. १९६४ चा ‘लिमोनाडोवी जो’ हा विडंबनपट त्याचीच साक्ष देतो. सीमाबंद देशातल्या मुलाला या गावाची रचना मनासारखी बदलता येत होती. कोणते घर कुणाशेजारी ठेवायचे हे त्याच्या हाती होते. एका इमारतीचे मॉडेल असे स्वातंत्र्य देत नाही.

त्यांच्या रेखाटनातली हुशारी समजायची तर कागदाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. त्याचा नळा होतो, शंकू होतो, पण चेंडू होत नाही. घुमट हवा असेल तर त्याच्या फाका करून जोडाव्या लागतात. जहाजाचा तळ दोन्ही दिशांनी वळलेला असल्यामुळे आत आडव्या-उभ्या फासळ्यांचा सांगाडा उभारावा लागतो, आणि तरीही वरच्या कागदाला सुरकुती पडायची धास्ती असतेच. भिंत आणि उतरते छप्पर मात्र कागदाला मानवते. म्हणूनच वास्तू हा या माध्यमाचा अगदी स्वाभाविक विषय, आणि वास्तुविशारद हा त्याचा स्वाभाविक रचनाकार.

खरी परीक्षा होते ती जमिनीची. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मराठी मुलांना डोंगर सोपा आणि तटबंदी अवघड वाटते. कागदात नेमके उलटे. तट सरळ उभा राहतो, पण उतार मात्र तिरक्या त्रिकोणांत मोडून मांडावा लागतो. १३४८ मध्ये राजा चौथ्या चार्ल्सने पाया घातलेला कार्लश्टेइन हा किल्ला टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो, आणि सर्वांत वर मुख्य बुरूज येतो. तो चढ हरवला तर उरतात सुट्या इमारती. प्राग किल्ल्याचे विश्कोव्स्कींचे मॉडेल तर एका वास्तूचे नसून अनेक शतकांत वाढलेल्या एका वस्तीचेच आहे: राजवाडे, चौक, बागा आणि मधोमध सेंट व्हिटसचे कॅथेड्रल, जे पूर्ण व्हायला १९२९ साल उजाडले. गॉथिक कमानींचे असंख्य आधार, कंगोरे, शिखरे यांतले काय ठेवायचे आणि काय नुसत्या रेषेवर सोडायचे, हा निर्णय तिथे पावलोपावली घ्यावा लागतो.

या निर्णयांतच त्यांचे मोठेपण आहे. कौले, दगड, खिडक्या हे सारे रेखाटलेले असते. आजची बरीच मॉडेले भिंतीवर छायाचित्र चिकटवतात. ते पहिल्या नजरेत खरे वाटते, पण छायाचित्राबरोबर त्या दिवशीचे ऊनही येते. मॉडेल खिडकीपाशी ठेवून फिरवले की छापील सावली एकीकडे आणि खरी सावली दुसरीकडे पडते. हाताने काढलेल्या रेषेला अशी ठरलेली वेळ नसते. त्यांच्या काही भिंती आज सपाट वाटतात, खिडक्यांना खोली हवी होती असेही वाटते, आणि ही टीका रास्त आहे. पण मुलाच्या बोटांना पेलेल इतकेच तुकडे द्यायचे, हे बंधन त्यांनी मनापासून पाळले होते.

आज तुकड्यांची संख्याच अनेकदा गुणवत्तेचे माप ठरते. पोलंडमधली काही जहाजे आणि रणगाडे हजारो भागांचे असतात. दोरखंड, जाळ्या, कठडे लेसरने कापलेले वेगळे विकत मिळतात. कारागिरी थक्क करणारी, यात शंका नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला त्यात जागा उरलेली नाही. हा छंद मुलांच्या हातून मोठ्यांच्या कपाटात गेला आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा होत नाही.

दुसरा बदल संगणकाचा. ‘पेपाकुरा’सारखे जपानी सॉफ्टवेअर त्रिमितीय आकृती क्षणात उलगडून सपाट करते. पूर्वी पट्टी-कंपासने दिवसेंदिवस चालणारे काम वाचले, आणि मुळात चित्रकला न येणाऱ्यालाही रचना करता येऊ लागली, हा फायदा खरा आहे. मात्र संगणक उलगडतो, निवडत नाही. कुठली शिवण कोपऱ्याआड लपवायची, कोणता भाग आधी जोडला की दुसऱ्यासाठी आत बोट जाईल, कुठली कड जाड कागदाच्या जाडीमुळे एक केसभर कमी ठेवायची, हे ज्याने स्वतः कापून-चिकटवून पाहिले आहे त्यालाच कळते. घाईने उलगडलेल्या मॉडेलात शेवटची भिंत बसत नाही ती याच कारणाने.

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या रचनांनी छंदाचा परीघ वाढवला, पण त्यांचे आयुष्य मालकाच्या मर्जीवर असते. यामाहाने आपल्या मोटारसायकलींच्या अत्यंत देखण्या कागदी रचना देणे २०१८ मध्ये बंद केले. छापील मासिक निदान कुणाच्या तरी माळ्यावर राहते.

चेक प्रजासत्ताकात पोलिट्से नाद मेतुयी या गावी कागदी मॉडेलांचे संग्रहालय आहे. अशा ठिकाणी जुळवलेली मॉडेले मांडणे योग्यच, पण जुळवलेल्या किल्ल्यात जुळवणाऱ्याचा हातही मिसळलेला असतो: त्याची कापण्याची सफाई, त्याने रंगवलेल्या कडा. रचनाकाराचे काम पाहायचे तर शेजारी न कापलेला मूळ तावही हवा, रचनाकाराच्या नावासह आणि छपाईच्या वर्षासह. चित्रांची, पोस्टरांची, नकाशांची अशी नोंद होते. विश्कोव्स्कींसारख्यांच्या तावांचीही तशीच व्हायला हवी.