वर्ग हलता हवा, नुसता रंगीत नको

शाळेला थोडा निधी मिळाला की पहिल्यांदा भिंती रंगतात. मग कोणीतरी सांगतं, आता प्रत्येक मूल आपापल्या पद्धतीनं शिकेल. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून. म्हणून चित्रांचा कोपरा, ऐकण्याचा कोपरा, कृतीचा कोपरा. याला नाव 'लवचीक वर्गखोली'. कल्पना गोड आहे, पण ती नीट तपासायला हवी. बुलडाणा जिल्ह्यातल्या दोन खोल्यांच्या शाळेत चुकीच्या जागी गेलेला पैसा सहजी परत येत नाही.

आधी 'बघून शिकणारे, ऐकून शिकणारे' हे बघू. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळलं. प्रश्न साधा होता: मुलाच्या तथाकथित शैलीला जुळेल असं शिकवलं, तर ते जास्त शिकतं का? नीट आखलेल्या प्रयोगांतून तसा पुरेसा पुरावा मिळाला नाही. म्हणजे सगळी मुलं सारखी, असं नाही. जळगाव जामोद तालुक्यात घरी निहाली बोलणारं मूल मराठी पुस्तकासमोर बसतं, तेव्हा त्याची अडचण खरीच वेगळी असते. पण ती अडचण भाषेची आहे, डोळ्या-कानाची नाही. कोपरा रंगवून ती सुटत नाही.

मग बैठक बदलून काहीच होत नाही का? होतं. त्याच वर्षी वनार्का आणि रूल यांनी बैठकीवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. एकट्यानं गणित सोडवायचं असेल तर रांगेत बसलेली मुलं कामावर जास्त टिकतात. चर्चा करायची असेल तर गट किंवा अर्धगोल बरा. थोडक्यात, बैठक मुलाच्या 'प्रकारा'वरून ठरत नाही, कामावरून ठरते. लवचीकपणाचा खरा अर्थ हाच: तासाभरात रांग मोडून गट करता येणं आणि परत रांग लावता येणं.

आता आपल्या शाळेकडे या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक आणि दर शिक्षकामागे किमान एक खोली. वर्ग मात्र पहिली ते चौथी. म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता असणारच. पहिलीला मोठ्यानं वाचायचंय, तेव्हा दुसरीला शांतपणे वजाबाकी करायचीय. इथं लवचीक जागा ही चैन नाही, रोजची गरज आहे. आणि त्यासाठी लागतं काय? उचलता येणाऱ्या बसकर पट्ट्या, दोन बाजूंना दोन फळे, सावलीचा व्हरांडा.

या बाबतीत महाराष्ट्राचा गाजलेला प्रयोग म्हणजे सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मुलांना रांगेतून उठवलं, जमिनीवर साहित्य घेऊन कामाला लावलं. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर राज्यभरच्या शाळांनी ते उचललं. पण नक्कल करताना सगळ्यात सोपी गोष्ट आधी उचलली जाते, आणि ती म्हणजे रंग. फरशीवर ऑइल पेंटनं तक्ते, भिंतीवर बाराखडी, खांबावर पाढे. माझा आक्षेप नेमका इथं आहे. पक्क्या रंगातली आकृती एकाच इयत्तेच्या एकाच कामाची असते. पुढच्या वर्षी पट बदलतो, खोलीत दुसरी इयत्ता येते, आकृती तिथंच. लवचीकतेच्या नावाखाली आपण जमीनच बांधून टाकली.

भिंतींचंही तेच. २०१४ मध्ये अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २४ बालवाडीच्या मुलांना काही धडे सजवलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. मोकळ्या खोलीतल्या धड्यांवर सुमारे ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या खोलीतल्या धड्यांवर ४२. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळ्या भिंती पांढऱ्या करा असं कोणी म्हणू नये. पण 'जितकं चित्र तितकं ज्ञान' हे गृहीतक तरी डळमळतं.

मोठा अभ्यास इंग्लंडचा. सॅलफर्ड विद्यापीठाच्या पीटर बॅरेट यांच्या गटानं २७ शाळांमधले १५३ वर्ग आणि ३,७६६ मुलं तपासली. वर्षभरातल्या प्रगतीतल्या फरकाचा १६ टक्के भाग वर्गखोलीच्या रचनेशी जोडता आला. त्यातला जवळपास निम्मा वाटा उजेड, तापमान आणि हवा यांचा. बैठकीची लवचीकता आणि रंग दोन्ही यादीत आहेत, पण एकटा रंग फार पुढे नाही. हवामान तिकडचं थंड, हे खरं. पण घाटाखालच्या टिनाच्या खोलीत मार्चमध्ये बसून बघा, तापमान हा शिक्षणाचा विषय आहे की नाही ते कोणत्याही विद्यापीठाशिवाय कळेल.

याहून जुनं उदाहरण आपल्याच मराठीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तर बालवाडी अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. तिथं फर्निचर नव्हतं, रंग नव्हता. मुलाची वेळ आणि काम आधी बघितलं, जागा नंतर ठरली. आपण क्रम उलटा केलाय.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही असाल, तर पुढच्या ठरावात रंगाच्या आधी एवढं विचारा. छताखाली वारा खेळतो का? दुसरा फळा आहे का? व्हरांड्यावर सावली आहे का? बैठक पाच मिनिटांत मुलांनाच बदलता येते का? उरलेल्या पैशात रंग जरूर द्या, पण एक भिंत मुलांच्या खडूसाठी मोकळी ठेवा. पुसता येणारी भिंत पुढच्या वर्षीच्या मुलांच्याही कामाला येते.