तीन तोतये आणि एक उत्तर

मराठीत कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचीसुद्धा होते. उताऱ्याखालच्या चार पर्यायांकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत 2011 पासून 'सीसॅट'चा पेपर आहे. 80 प्रश्न, 200 गुण, 2 तास. उत्तर चुकले की 0.83 गुण कापले! उतारे हिंदीत नाहीतर इंग्रजीत. मराठी पोराने मनातल्या मनात भाषांतर करत बसायचे. इतक्या जीव मुठीत धरून वाचणारा वाचक कुठल्या कादंबरीकाराला मिळालाय?

समजा, उताऱ्यात म्हटलेय, 'काही तालुक्यांत बोअर वाढल्या आणि तिथल्या जुन्या विहिरींचे पाणी खाली गेले.' आता पर्याय बघा. 'बोअरमुळे सर्वच विहिरी आटतात.' हा 'सर्वच' म्हणजे स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाचा 'अगदी निर्व्यसनी'. ऐकला की चौकशी करावी. दुसरा, 'विहिरींचे पाणी खाली गेल्यामुळे बोअर वाढल्या.' शब्द सगळे उताऱ्यातले, पण 'आणि'च्या जागी गुपचूप 'मुळे' बसवलेला. थेट भाऊसाहेबांचा तोतया!

तिसरा, 'पाणी जपून वापरले पाहिजे.' इथे भले भले घसरतात. वाक्य खरे आहे, आईने शिकवलेले आहे, नाकारताना पाप लागेलसे वाटते. पण उताऱ्यात ते नाही हो! लेखक काय म्हणाला ते विचारलेय, आणि आपण आपले संस्कार लिहून येतो. घरातही आपण असेच ऐकतो. बायको म्हणते 'भाजी संपलीय', आपण उत्तर देतो महागाईवर.

उरला चौथा: 'काही ठिकाणी जुन्या विहिरींची पातळी घटली आहे.' सरकारी पत्रासारखा बेचव. तोच बरोबर.

इथवर कारागिरी चोख. माझी तक्रार आहे ती 'सर्वांत तर्कसंगत अनुमान कोणते?' या प्रश्नाबद्दल. तिथे कधीकधी दोन पर्याय सारख्याच ताठ मानेने उभे असतात, आणि जास्त विचार करणाराच जास्त मार खातो. 2015 पासून या पेपरात 33 टक्के मिळाले की भागते, हे खरे. पण तेवढ्यावरही अडकणारे अडकतातच.

त्यातून क्लासवाल्यांनी तोडगा काढला: उतारा सोडा, 'सर्वच', 'केवळ' दिसले की पर्याय उडवा! यावर एखादा बेरकी प्रश्नकर्ता उताऱ्यातच 'केवळ' घालतो आणि 'केवळ'वालाच पर्याय बरोबर ठरवतो. त्याचे नाव पेपरवर छापत नाहीत, नाहीतर मी हार घेऊन गेलो असतो.