ग्राफ डेटाबेस : पर्याय की पुनरागमन?

‘रिलेशनल डेटाबेसला नातेसंबंध हाताळता येत नाहीत, म्हणून ग्राफ डेटाबेस आला’, असे विधान अध्यापनाच्या टिपणांत व चर्चासत्रांतील निबंधांत वारंवार आढळते. त्यात एक चूक संज्ञेची आहे आणि दुसरी इतिहासाची. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या प्रतिमानातील ‘रिलेशन’ ही संच-सिद्धांतातील संज्ञा होय. ती सारणीची वाचक आहे, दोन सारण्यांमधील दुव्याची नव्हे.

इतिहासाची चूक अधिक गंभीर आहे. नोंदींना थेट दुव्यांनी जोडण्याची कल्पना रिलेशनल प्रतिमानाच्या आधीची आहे. चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६० च्या दशकाच्या प्रारंभी घडविलेली आयडीएस ही प्रणाली आणि पुढे कोडासिलच्या कार्यगटाने सिद्ध केलेले जाळे-प्रतिमान, यांत प्रोग्रामर एका नोंदीवरून दुसरीवर वाट काढीत जात असे. १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात बाकमन यांनी त्याला मार्गनिर्देशकाचीच उपमा दिली. कॉड यांचा आक्षेप नेमका यावर होता : प्रोग्राम साठवणुकीतील वाटांवर विसंबला, तर वाटा बदलताच तो मोडतो. १९७४ साली ॲन आर्बर येथे या दोन पक्षांचा जाहीर वादही झडला. ग्राफचे गुणगान करणाऱ्या निबंधांत या वादाचा साधा उल्लेखही नसावा, हे खेदजनक आहे.

मग आजचा ग्राफ डेटाबेस म्हणजे जुनाच माल नव्या वेष्टनात काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निओफोरजे या प्रणालीसाठी २०११ साली निर्माण झालेल्या सायफर भाषेत वाट सांगावी लागत नाही. हव्या त्या आकृतिबंधाचे वर्णन पुरते. म्हणजेच येथे दुवे बाकमन यांचे आणि वर्णनात्मक भाषेचा आग्रह कॉड यांचा, असा संगम झालेला दिसतो.

त्याचे खरे सामर्थ्य पनामा पेपर्सच्या शोधात (२०१६) प्रत्ययास आले. सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवजांतून कंपनी, तिचा भागधारक, मध्यस्थ आणि पत्ता यांची साखळी पत्रकारांना उलगडायची होती. साखळी किती पायऱ्यांची, हे आधी ठाऊक नव्हते. अशा शोधात सारणीला प्रत्येक पायरीगणिक जोड द्यावी लागते. एसक्यूएल:१९९९ मधील पुनरावर्ती प्रश्नांनी ते साधते खरे, परंतु ते लिहिणे किचकट आणि पुष्कळदा चालविणेही महाग. निओफोरजेत प्रत्येक बिंदूजवळ त्याच्या शेजाऱ्यांचे दुवे असल्याने खर्च मुख्यतः भेट दिलेल्या भागापुरता राहतो. मात्र फुटलेल्या त्या सामग्रीत सुमारे ३० लाख फाइली डेटाबेस-स्वरूपाच्याच होत्या, ही बाब सहसा सांगितली जात नाही. नोंद ठेवणाऱ्याची गरज एक, शोध घेणाऱ्याची दुसरी.

उलट, लक्षावधी खात्यांची वर्षअखेरची बेरीज हे सारणीचेच क्षेत्र. शिवाय दाट जोडलेला ग्राफ अनेक यंत्रांवर विभागताना दुवे तुटतात. या अडचणीवर सर्वमान्य तोडगा अद्याप नाही.

‘पर्याय’ हा शब्दच आता अपुरा पडतो. एप्रिल २०२४ मध्ये जीक्यूएल ही ग्राफसाठी स्वतंत्र प्रमाणभाषा आयएसओने प्रसिद्ध केली. तत्पूर्वीच एसक्यूएल:२०२३ ने विद्यमान सारण्यांवर ग्राफ कल्पून त्यास प्रश्न विचारण्याची सोय केली होती. तेथे साठवण सारणीचीच राहते, बदलते ती केवळ पृच्छा.