‘नाइट’ म्हणजे रात्र नव्हे

शब्दकोशात ‘नाइट’चा अर्थ ‘रात्र’ असा मिळतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या बोलीला तो पुरत नाही. रात्र होते, सरते, वैऱ्याची असते. नाइट मात्र ‘लागते’, ‘बदलते’, ‘सुटते’. क्रियापदे बदलली की वस्तूही बदलते. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, पण रात्र निसर्गाची आणि नाइट कंपनीच्या वेळापत्रकाची.

माझे वडील आकुर्डीला एका कारखान्यात होते. ‘बाबांची नाइट आहे’ हे वाक्य आमच्या घरी भर दुपारी उच्चारले जाई. त्याचा अर्थ : मिक्सर लावू नका, रेडिओ बंद करा, पोरांनो, खाली खेळा. कंपनीत नाइट म्हणजे काम, घरात तीच नाइट म्हणजे दिवसाढवळ्या पाळायची शांतता. कारखाने अधिनियमाच्या कलम 66ने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामास मनाई केलेली होती, त्यामुळे कंपनीतली नाइट दीर्घकाळ पुरुषांचीच राहिली. तिचा घरातला अर्थ मात्र बायकांनी सांभाळला.

1948च्या याच अधिनियमाचे कलम 57 समीक्षकाने वाचण्याजोगे आहे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतले बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरावेत आणि कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यावर सुरू व्हावा, अशी त्याची तरतूद होती. आपल्या पंचांगातही वार मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाला बदलतो. म्हणजे घड्याळाची तारीख बाजूला ठेवण्यात कायदा आणि पंचांग इथे एकाच बाजूला येतात. फरक एवढाच, की पंचांगाचा दिवस सूर्य उघडतो आणि कामगाराचा भोंगा.

एका नरकचतुर्दशीला वडील नाइट करून साडेसातला घरी आले. सूर्योदयापूर्वीचे अभ्यंगस्नान हुकले, म्हणून आजी कुरकुरली. उटण्याची वाटी पुढे करत आई म्हणाली, ‘‘ह्यांची पहाट आत्ता होतेय, आई.’’ तिने कलम 57 वाचलेले नव्हते.

नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’पासून (1966) जयंत पवार यांच्या ‘अधांतर’पर्यंत आपल्या साहित्याने मुंबईचा कामगार जवळून पाहिला. या पट्ट्यातील कामगाराचा शब्दसंग्रह मात्र समीक्षेने ‘इंग्रजीची भेसळ’ म्हणून बाजूला टाकला. माझे म्हणणे उलट आहे. ‘नाइट’ने ‘रात्र’ला हुसकावलेले नाही, तिला कारखान्यापासून वाचवले आहे. म्हणूनच आमच्याकडे अंगाई रात्रीची राहिली, नाइटची झाली नाही.

तरी या शब्दाचे कौतुक करताना मी अडखळतो. ‘जागरण झाले’ म्हटले की कुणीतरी ‘झोप काढ’ म्हणते. ‘नाइट होती’ म्हटले की कुणी काहीच म्हणत नाही. एवढे जागरण एका सोयीच्या शब्दात मावून गेले. निवृत्तीनंतरही वडील पहाटे तीनला उठून बसत. विचारले तर म्हणत, ‘‘काही नाही रे, रात्र आहे.’’ तो शब्द त्यांच्या तोंडी मला तेव्हा नवा वाटला.